खाऊचा रकाना

हुडकेश्वर, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. अंकुश,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलंच आहेस, तेव्हा पोस्टमनला कामाला लावते आहे. पोस्टातल्या बाईनं पाकीट हातात घेऊन विचारलं, "उमरेडले पाठवता? बसनं जाऊन या ना जी, तासाभरात पोचता." मी म्हटलं, गुडघे दुखतात. ते दुखतातच, खोटं नाही.

मोनालीच्या आईकडून, म्हणजे तुझ्या सासूबाईंकडून, तुमचं कळत असतं. बसस्टँडजवळचं तुझं झेरॉक्सचं दुकान नीट चाललं आहे, लोकांचे फॉर्म तू भरून देतोस, सोनिका पहिलीत गेली. बरं वाटलं. मीही बरी आहे. मागच्या जूनमध्ये निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं. ऑफिसातल्यांनी भाषणात मला "प्रयोगशाळेची आई" म्हटलं. तू असतास तर हसला असतास.

आता कामाचं. त्या पिवळ्या रंगाचा विषय दिल्लीच्या समितीनं परत उघडला आहे. खाण्यातल्या रंगांचा असा फेरआढावा दर काही वर्षांनी होतच असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण या वेळी वैभवी नावाची एक तरुण अधिकारी आली आहे, आणि तिनं गोदामातून आपल्या २०२२च्या सर्वेक्षणाचे गठ्ठे काढले. तुझे फॉर्म तिच्या हाती लागलेत. ११ मार्चला इथेच नागपुरात सुनावणी आहे. तुला नोटीस येईल, मलाही आली आहे.

माझं ऐकशील तर तू येऊ नकोस. जे झालं ते झालं. तुला कामावरून काढलं, नावावर शेरा बसला, त्याचा त्रास तू भोगलास. आता घडी बसली आहे तर परत त्या चिखलात पाय कशाला घालायचा? सोबत एक मजकूर टाइप करून पाठवते आहे. "प्रकृतीच्या कारणास्तव उपस्थित राहू शकत नाही. सदर सर्वेक्षणाबाबत आता काही स्मरत नाही." खाली सही तेवढी कर आणि वैभवीच्या पत्त्यावर टाक. पाकिटावर तिकीटही लावून ठेवलं आहे.

तुझ्या भल्यासाठीच सांगते आहे.

तुझी,
ताई


हुडकेश्वर
२० फेब्रुवारी २०२५

अंकुश,

माझा टाइप केलेला कागद तू सहीविना परत पाठवलास. कोरा असता तरी कळलं असतं. पण तू त्याच्या मागच्या बाजूला लिहिलंस, "ताई, मले सगळं आठवते. दोनशे बारा घरं. मी येतो." तुझ्या अक्षरातली ती एक ओळ वाचून मी स्वयंपाकघरात किती वेळ उभी होते, मला माहीत नाही. दूध उतू गेलं.

मागच्या पत्रात मी शहाणपणा केला. तब्येत कसली नि आठवण कसली. तू दहावीतला तुझा परीक्षेचा नंबर अजून सांगू शकतोस.

म्हणून आज काही गोष्टी मान्य करते.

फॉर्म मी बनवला होता. तुला ठाऊक आहेच, पण मी आजवर हे मोठ्यानं कधी म्हटलं नाही. रंग कितपत सुरक्षित, हे ठरवायची रीत मीच तुला शिकवली होती. प्राण्यांवरच्या प्रयोगात जी मात्रा बाधत नाही तिला शंभरानं भागायचं, म्हणजे माणसाची रोजची मर्यादा निघते. ती बाजू पक्की होती. आता लोक रोज प्रत्यक्षात किती खातात, एवढंच शोधायचं होतं, आणि त्यासाठी माझा फॉर्म. सकाळचा चहा-नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, सणावाराचं गोडधोड. पाच पानं, एकूण चौऱ्याऐंशी प्रश्न. बैठकीत सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं.

आणि खाऊचा रकानाच नव्हता.

तू पहिल्या आठवड्यातच येऊन सांगितलंस. एका घरी तू विचारलंस, काल मुलानं काय खाल्लं. ती बाई म्हणाली, "का खाईन जी? वरण-भात खाल्ला, पोळी खाल्ली." तू म्हटलंस, अन् खाऊ? ती हसली. "ते का खाण्यात धरते का बापा? चिल्लर-चाल्लर हाय ते." आणि तिच्या पदराला धरून उभ्या असलेल्या पोट्ट्याची जीभ हळदीसारखी पिवळी होती. तुझा आवाज त्या दिवशी किती उत्साही होता! तू म्हणालास, "ताई, आपण खाणं विचारून राहिलो, अन् रंग तर खाण्यात नाहीच. रंग खाऊत हाय."

बरोबर होतं. आपल्याकडे जेवण म्हणजे खाणं, बाकीचं मोजायचंच नसतं. मी तरी काय वेगळी? उपासाच्या दिवशी साबुदाण्याची उसळ, राजगिऱ्याचे लाडू, वर दोन केळी खाऊन मी संध्याकाळी शेजारणीला सांगते, "आज दिवसभर काही खाल्लं नाही बाई." त्या आयांनी खोटं सांगितलं नाही. त्यांना आपण जे विचारलं तेच त्यांनी सांगितलं. चौऱ्याऐंशी प्रश्न करणाऱ्या बाईला पोरांचा खाऊ आठवला नाही.

मी तुला म्हटलं, फॉर्मात नाही ते लिहायचं नाही. तू ऐकलं नाहीस. माझ्याशी वाद न घालता फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत गेलास. कोणती पोरगी दिवसात किती पुड्या पिवळे पोंगे खाते, कोण शाळेसमोर बर्फाचा पिवळा गोळा चोखतो, कुणाच्या घरी बुंदी आठवडाभर डब्यात असते. दोनशे बारा घरांचं असं. मी संगणकात भरायला दिलं ते फक्त पुढच्या बाजूचं. मुलांचा आकडा मर्यादेच्या निम्म्याहून खाली आला. अहवालात "सुरक्षित" गेलं.

मागची बाजू मी एकदा घरी आणून, कॅल्क्युलेटर घेऊन मोजली होती, हे तुला माहीत नाही. दर चार मुलांमागे एक मर्यादेच्या वर जात होतं. तो हिशेबाचा कागद मी फाडून टाकला.

आणि म्हणूनच त्या राखीच्या दिवशी तसं झालं. सोनिका पिवळ्या पोंग्यांच्या नळ्या पाचही बोटांत घालून अंगणात नाचत होती, आणि मी तिच्या हातून पुडी ओढून नालीत फेकली. पोर घाबरून रडायला लागली. तू माझ्याकडे बघितलंस. राखी तुझ्या मनगटावर तेव्हाच बांधली होती. तू हळूच विचारलंस, "काहून वं ताई? सुरक्षित हाय ना? तुयाच अहवालात हाय." तुम्ही जेवलाही नाहीत, निघून गेलात. दीड वर्ष झालं.

तुला वाटतं, तुला काढलं तेव्हा मी गप्प बसले. हो, बसले. तुझ्या फाइलवरचा शेरा प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून मनोहरराव साहेबांनी लिहिला होता. "क्षेत्र कर्मचाऱ्याने घरभेटी न देता दुकानात बसून नोंदी केल्या." साहेब आता नाहीत, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण खरं ते खरं. मी त्यांना अडवायला हवं होतं. एवढी माझी चूक.

११ तारखेला येणारच असशील तर ये. तिथं उगीच जुनं उकरू नकोस. जे लिहिलंस ते लिहिलंस, एवढंच सांग.

ताई


हुडकेश्वर
३ मार्च २०२५

अंकुश,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडावंसं वाटेल, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड.

काल कौशल्याबाई आल्या होत्या, मनोहरराव साहेबांच्या पत्नी. रिक्षातून उतरताना त्यांना धाप लागली होती. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं. वैभवी त्यांच्याकडे जाऊन आली म्हणे. साहेबांच्या हातचं काही लिहिलेलं आहे का, विचारत होती, अक्षर जुळवायला. कारण वैभवीनं मला फोनवर विचारलं होतं, शेरा कोणी लिहिला, आणि मी सांगितलं होतं, साहेबांनी.

कौशल्याबाई पिशवीतून साहेबांची जुनी डायरी काढून म्हणाल्या, "सिंधू, तू तर त्यायच्यासंगं वीस वर्षं काम केलं. त्यायनं कोणाच्या पोटावर पाय देल्ला का वं? मले खरं सांग. मी कोणाले सांगत नाही. मले फक्त मालूम पाहिजे."

मी खाली फरशीकडे बघत होते. "नाही बाई, साहेब तसे नव्हते" एवढंच म्हटलं. त्या रडल्या आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. माझ्या डोक्यावर! मला तेव्हा मेल्यासारखं झालं.

तो शेरा मी लिहिला, अंकुश. अक्षर माझं आहे. साहेबांची खाली फक्त छोटी सही आहे.

कसं झालं ते सांगते, काही न लपवता. डिसेंबर महिना होता, समितीची बैठक नऊ दिवसांवर. साहेबांनी मला बोलावलं, टेबलावर तुझे फॉर्म उलटे करून ठेवले होते. म्हणाले, "सिंधूताई, हे मागे का लिहून ठेवलं तुमच्या भावानं? मी दोन-चार वाचले. हे बरोबर असंन तर आपला आकडा चुकून राहिला." मी एक फॉर्म सरळ करून ठेवला. ते म्हणाले, "बरोबर असंन तर दिल्लीले कळवू, पुढची तारीख मागू. आपल्याले का घाई हाय?"

ऐकलंस? कोणी दबाव आणला नव्हता. कोण्या कारखानदाराचा फोन नव्हता. दार उघडं होतं, साहेब स्वतः ते धरून उभे होते. मी फक्त "हो, साहेब" म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "नाही साहेब, हे सगळं मनचं आहे. तो घरांत जातच नव्हता, दुकानापाशी बसून लिहायचा."

ते म्हणाले, "पक्कं?"

मी म्हटलं, "माझा भाऊ आहे, मला माहीत नसणार?"

म्हणून त्यांनी विश्वास ठेवला. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्यांनी तुला बोलावून विचारलं असतं. सख्खी बहीण सांगते म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं? तिथंच बसून मी शेरा लिहिला. पेनही साहेबांचंच होतं.

का केलं, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल. उत्तर इतकं लहान आहे की सांगायची लाज वाटते. फॉर्म माझा होता. पुढची तारीख मागायची म्हणजे सगळ्यांसमोर कबूल करायचं की डॉक्टर सिंधूबाईंचा फॉर्म चुकला, आणि तो चुकलेला दाखवला कोणी, तर बारावी झालेल्या, बहिणीच्या वशिल्यानं कंत्राटावर लागलेल्या भावानं. तुझं ते हुशार असणं मला तेव्हा सहन झालं नाही. लहानपणापासून मी तुला पाढे शिकवले, मी तुला नोकरी लावली, आणि तू माझ्याकडे येऊन म्हणतोस, ताई, तुझं चुकलं. एवढ्यासाठी. बाकी काही नाही.

तुला काढलं त्या संध्याकाळी तू माझ्याकडे आलास आणि म्हणालास, "साहेबाले कोणीतरी खोटं सांगितलं, ताई." मी तुला चहा करून दिला. "माणसं अशीच असतात रे" असंही म्हणाले. ते वाक्य मला रोज ऐकू येतं.

आणि तेवढ्यावर थांबले नाही. मागच्या पत्रात मेलेल्या माणसाच्या नावावर ढकललं. तुझ्याशी खोटं बोलतानाच मी "खरं ते खरं" असं लिहिलं, वाचून बघ.

त्या मुलांचं काय झालं असेल, याचा विचार मी करत नाही असं समजू नकोस. कदाचित काहीच झालं नसेल. मर्यादा ओलांडली म्हणजे लगेच कोणी आजारी पडत नाही, हे मी शंभर वेळा स्वतःला सांगितलं आहे. पण मग मी सोनिकाची पुडी का फेकली? माझ्या भाचीपुरतं मला सगळं कळत होतं.

११ तारखेला मी समितीपुढे हे सगळं सांगणार आहे. लेखी काढून ठेवलं आहे. माझी चौकशी लागेल, लागू दे. तू आला नाहीस तरी चालेल. आलास तर माझ्याशी बोलायची गरज नाही.

सिंधू


हुडकेश्वर
१३ मार्च २०२५

अंकुश,

परवा तू सभागृहातून निघून थेट बसस्टँडवर गेलास. मी मागून आले होते, पण माझे गुडघे तुला माहीत आहेत. म्हणून जे बोलायचं ते लिहिते. मोनालीला वाच म्हणावं, तू तिला परवाचं काही सांगितलं नसशील.

मोनाली, तो पांढरा शर्ट घालून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसला होता. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला वाटलं, पत्र वाचलं आहे आणि आता सगळं बाहेर काढणार. काढू दे, असंच वाटलं. यादीत त्याचं नाव माझ्या आधी होतं. वैभवीनं फॉर्मांचा गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला आणि सरळ विचारलं, "या मागच्या नोंदी तुम्ही घरी जाऊन केल्या का?"

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "नाही जी. मी घरोघरी गेलोच नाही. दुकानापाशी बसून लिहिलं. फाइलीत जे लिहून हाय ते बरोबर हाय. ताईले काही विचारू नका. तिची तब्येत बरी राहत नाही."

मोनाली, तुझ्या नवऱ्यानं दोनशे बारा घरं पायी पालथी घातली. त्या पावसाळ्यात त्याच्या चपला दोनदा तुटल्या. आणि तो मला वाचवायला सांगत होता की तो गेलाच नाही.

वैभवीनं पेन उचललं. ते लिहिलं गेलं असतं तर विषय तिथंच संपला असता. मागच्या नोंदी रद्द, जुना आकडा कायम, रंग सुरक्षित. माझं नाव स्वच्छ. मला नुसतं बसून राहायचं होतं. आणि अंकुश, आता तुलाच सांगते, दोन-तीन श्वास मी बसून राहिले. हेही लिहायलाच हवं. त्या दोन-तीन श्वासांत मी विचार केला की हा स्वतःच म्हणतो आहे तर म्हणू दे.

मग मी उठले. समितीपुढे शुद्ध बोलायचं म्हणून घरून घोकून गेले होते, ते सगळं विसरले. म्हटलं, "हा खोटं बोलून राहिला, मॅडम. लिहून घ्या. हा माणूस तुमच्यापुढे खोटं बोलून राहिला."

तू म्हणालास, "ताई, बस ना वं खाली."

मी बसले नाही. वैभवीला म्हटलं, गठ्ठ्यातला कुठलाही फॉर्म काढा आणि मागची बाजू वाचा. तिनं मधूनच एक काढला. तुझ्या अक्षरात होतं, "म्हातारी बाजेवर, पाय सुजले. सून म्हणते पोरगी काही खात नाही. बाजेखाली पोंग्याच्या चार रिकाम्या पुड्या. म्हातारीनं लपवल्या, सुनेले सांगू नको म्हणे." मी विचारलं, दुकानात बसलेल्या माणसाला बाजेखालचं दिसतं का? वैभवीनं आणखी सहा काढून वाचले.

मग मी शेरा माझा आहे हे सांगितलं, साहेबांना काय म्हटलं ते सांगितलं, कागद दिला, सही केली. तू तेव्हा मान खाली घालून रडत होतास. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होतास, लहानपणी पुसायचास तसेच.

तू गेल्यावर काय ठरलं ते कळवते. तुझ्या नावापुढचा शेरा काढला. मागच्या बाजूच्या नोंदी आढाव्यात धरल्या जातील, आणि रंगाचं ठरवण्याआधी मुलांच्या खाऊची नव्यानं पाहणी होईल. रंग राहील की जाईल, हे मला सांगता येणार नाही, तो आकडा आता दुसरं कोणी काढेल. माझी चौकशी पुढच्या महिन्यात आहे. काल कौशल्याबाईंकडे जाऊन त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी डायरी मिटली आणि आतल्या खोलीत गेल्या. मी थोडा वेळ थांबून निघाले.

सरकारी कागदावर मी तुला दोनदा खोटारडा म्हटलं आहे, अंकुश. पहिल्यांदा मी खोटं बोलले आणि माझी अब्रू वाचवली. दुसऱ्यांदा खरं बोलले, कारण तू खरोखरच खोटं बोलत होतास, जन्मात पहिल्यांदा, आणि तेही माझ्यासाठी. तुला खोटं बोलायला मी शिकवलं, असं आता मला कायम म्हणावं लागेल.

मला माफ कर असं लिहिणार नाही. माफी मागितली तर तू देशील, हे मी मंगळवारी माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हणूनच मागायची लाज वाटते.

सिंधू